आभास, अभ्यास आणि छायाचित्र

घरातील एका खोलीत अॅल्युमिनियमच्या चौकटीवर आसन, स्टिअरिंग, पेडल आणि मॉनिटर बसवून मोटारींच्या शर्यतीचा आभास उभा करणारे सिम रेसिंगचे उपासक आज जगभर आहेत. आणि ही मांडणी एकदा मनासारखी सिद्ध झाली, की तिचे छायाचित्र घेऊन ते समानधर्मी मंडळींस दाखवावे, अशी इच्छा त्यांपैकी पुष्कळांस होते. ही इच्छा क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगी नाही, कारण तिच्या पोटी एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. जे मुळातच आभासरूप आहे, त्याच्या साधनांचे चित्र लोकांपुढे ठेवण्यात सत्याचा अंश कितपत उरतो, आणि ते ठेवणारा मनुष्य दंभापासून कितपत दूर राहू शकतो?

शांकर वेदान्ताने सत्तेच्या पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन पायऱ्या मानल्या आणि त्यांची पारख करण्यास बाध ही कसोटी दिली. अधिक ज्ञान होताच जे खोटे ठरते ते बाधित. उजेड येताच दोरीवरचा सर्प मावळतो तो असा. परंतु ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात आचार्यांनी याच्याही पुढे जाऊन एक मार्मिक भेद केला आहे. स्वप्नातला सर्पदंश असत्य असला, तरी स्वप्नात त्याची जी जाणीव झाली ती जागे झाल्यावरही बाधित होत नाही, म्हणून ती सत्यच होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वस्तू मिथ्या ठरली म्हणून तिच्या योगे घडलेले सर्वच मिथ्या ठरत नाही, हा त्यातील बोध आमच्या प्रश्नास फार उपकारक आहे.

सिम रेसिंगमध्ये नुर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरांहून लांब असलेला नॉर्डश्लायफ मार्ग लेसरने मोजलेल्या चढउतारांसह पडद्यावर येतो. तेथे कठड्यावर आदळलेली गाडी एक कळ दाबताच पूर्ववत होते, सबब तो अपघात बाधित आहे. परंतु लोड सेल बसवलेले ब्रेकचे पेडल पाऊल किती सरकले ते न मोजता त्याने किती जोर दिला ते मोजते, आणि नित्य अभ्यासाने त्या जोराचे जे प्रमाण पायाच्या अंगी मुरते, ते यंत्र बंद केल्यावरही पुसले जात नाही. २०११ साली ग्रॅन टुरिस्मो या खेळावर आधारलेली 'जीटी अॅकॅडमी' स्पर्धा जिंकून खऱ्या मोटारीत बसलेला जॅन मार्डनबरो २०१३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आलेल्या चमूत होता, हा त्याचा सबळ दाखला. त्याच मार्डनबरोची गाडी २०१५ साली नॉर्डश्लायफवर उधळून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक मृत्यू पावला. अभ्यास आभासातून वास्तवात अखंड उतरतो, पण परिणाम परत घेण्याची मुभा तेथे उरत नाही. हा भेद ज्याने क्षणभरही विसरू नये, तोच या साधनेचा अधिकारी.

आता छायाचित्राकडे वळू. या कामात कॅमेरा पदोपदी नवे मिथ्यत्व निर्माण करतो. पडद्याच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्यातील संवेदकाची जाळी एकमेकींत गुंतली, की मुळात नसलेल्या लाटा चित्रात उमटतात; शटरचा वेग पडद्याच्या गतीशी जुळला नाही, तर काळे पट्टे पडतात; खोलीला पुरेल इतका प्रकाश घेतला, तर पडदा पांढराफटक होतो, आणि पडद्यास जपले, तर खोली अंधारात बुडते. हे दोष कौशल्याने टाळता येतात. कौशल्याने न टळणारे मिथ्यत्व निराळे आहे. केबल दृष्टीआड सारून, रंगीत दिव्यांच्या उजेडात, विस्तृत कोनाच्या भिंगाने लहान खोली प्रशस्त भासवून घेतलेले चित्र यंत्रापेक्षा यंत्राच्या मालकाचीच कैफियत अधिक मांडते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्वामागोमाग अदंभित्वच येते, आणि ज्ञानेश्वरांनी त्याचे विस्ताराने विवरण केले आहे. साधनेला सर्वाधिक धोका कोणत्या बाजूने आहे, हे त्या क्रमावरूनच ध्यानी यावे.

म्हणून सर्व चित्रे त्याज्य मानावीत काय? माझे मत तसे नाही. बाधाचीच कसोटी येथे लावावी. चित्र पाहणारा उद्या प्रत्यक्ष त्या खोलीत आला, त्याने आसनाची उंची, पेडलांचा कोन, डोळा आणि मॉनिटर यांतील अंतर स्वतः मोजले, तर चित्राने त्याला दिलेले ज्ञान टिकेल की कोसळेल? जे टिकेल ते चित्र म्हणजे दुसऱ्याच्या अभ्यासास दिलेला हात आहे; त्यात डगमगणारी चौकट सावरण्यासाठी घातलेला लाकडी ठोकळा दिसला, तर नवख्याला चार बोल्टांचा तपशील मिळतो, आणि थोड्या पैशांत आरंभ करता येतो हा धीरही मिळतो. जे कोसळेल ते कितीही देखणे असो, पाहणाऱ्याच्या मनात असमाधान आणि दाखवणाऱ्याच्या मनात अभिमान एवढेच वाढवील. आभासाशी ज्याचा नित्य संबंध येतो, त्याच्यावर सत्याची जबाबदारी इतरांहून अधिक आहे. सबब त्याने आपली मांडणी अवश्य दाखवावी, परंतु खोलीत शिरणाऱ्या माणसाला ती दिसेल तशीच दाखवावी.