थांबण्याची मुभा

मे महिन्यात पहाटे साडेपाचला मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली असते. सूर्य वर आलेला नसतो, पारा २७-२८ अंशांवर असतो, तरी दुसऱ्या किलोमीटरलाच टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. समुद्रावरून येणारा वाराही बाष्पाने जड. सुटीत आलेल्या नागपूरच्या पाहुण्याला या उकाड्याचं कौतुक ऐकून हसू येतं. त्याच्या गावी ४४ अंशांत लोक दुकानं उघडतात. एकदा धावायला उतरला की तिसऱ्या किलोमीटरला तोही गप्प होतो.

यामागचं गणित सोपं आहे. धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. बाकीची सगळी उष्णता होते. ६० किलो वजनाचा माणूस १० किलोमीटर धावला की साधारण ६०० किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे ४५० किलोकॅलरींची उष्णता अंगातच तयार होते. ती बाहेर पडलीच नाही, तर शरीराचं तापमान नऊएक अंशांनी वाढेल. सदतीस अधिक नऊ. ही बेरीज करून पाहायला कोणी जिवंत उरणार नाही. उरतो तो घामामुळे: एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एवढीच की तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून ठिबकलेल्या घामाबरोबर पाणी जातं, मीठ जातं. उष्णता मात्र जागच्या जागी राहते.

म्हणून पाऱ्याचा आकडा एकटा पुरत नाही. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खोल, दमट खाणींत निरीक्षणं केली आणि १९०५ मध्ये मांडलं, की माणसाची सहनशक्ती ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकावरून कळते, कोरड्यावरून नाही. नागपूरच्या ४४ अंशांत आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला तापमापक साधारण २३ दाखवेल. मुंबईच्या ३३ अंशांत आर्द्रता ७० टक्के असेल तर तो २८ दाखवेल. (याचा अर्थ नागपुरात दुपारी खुशाल धावावं असा नव्हे. तिथलं ऊन स्वतःच भाजून काढतं.) आपल्या हवामान खात्याच्या निकषांनुसार किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान निदान ३७ अंशांवर जावं लागतं. जूनमधला पावसाआधीचा ३३-३४ अंशांचा चिकट दिवस त्यात बसत नाही. तो नुसता ‘उकाडा’.

शरीर या उकाड्याला सरावतं, हेही खरं. दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं उष्म्यात धावलं की रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. वातानुकूलित जिममधल्या ट्रेडमिलवर हा सराव मिळत नाही, आणि मिळालेला काही आठवड्यांत ओसरतो. पण सरावालाही मर्यादा आहे. हवाच बाष्पाने भरलेली असेल तर जास्तीचा घाम फक्त जास्त ठिबकतो.

ही मर्यादा जगातल्या उत्तमोत्तम धावपटूंनाही चुकलेली नाही. २०१९ च्या सप्टेंबरात दोहाच्या जागतिक स्पर्धेत स्त्रियांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू केली. मध्यरात्रीही तापमान ३२ अंशांच्या वर आणि आर्द्रता सत्तरीच्या पुढे. ६८ जणी निघाल्या, २८ जणींनी वाटेतच शर्यत सोडली. केनियाची रूथ चेपंगेटिच २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंदांत जिंकली. त्याच वर्षी जानेवारीत दुबईत तिने तेच अंतर २ तास १७ मिनिटांत कापलं होतं. म्हणजे जिंकणारीने पंधरा मिनिटं हवेला देऊन टाकली. तिच्या मागे राहिलेल्यांपैकी काहींनी वेग कमी करायला नकार दिला असणार, आणि त्यांचं काय झालं ते व्हीलचेअर आणि स्ट्रेचरच्या छायाचित्रांतून दिसलं.

उष्म्यात हळू धावणं हे हिशेबाने वागणं आहे, शौर्याशी त्याचा संबंध नाही. तरीही धावण्याच्या जगात जिद्दीचं स्तोम जुनं आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन ऑगस्टच्या अखेरीस, दुपारी, ३२ अंशांत, धुळीच्या रस्त्यावर झाली. वाटेत पाणी जवळपास ठेवलंच नव्हतं, कारण आयोजक जेम्स सलिव्हन यांना पाण्यावाचून शरीराचं काय होतं ते पाहायचं होतं. ३२ धावले, १४ पोहोचले. विजेत्या थॉमस हिक्सला मदतनीसांनी वाटेत स्ट्रिकनीन आणि ब्रँडी पाजली होती. आज हा प्रकार विनोदी किस्सा म्हणून सांगितला जातो. पण पाणी कोणाला, कधी, किती हे धावणारा ठरवत नव्हता. दुसराच कोणी ठरवत होता. किस्स्यातला हा भाग अजून जुना झालेला नाही.

मरीन ड्राइव्हवरचा हौशी धावपटू दमला की कठड्यावर बसतो, शहाळं पितो, टॅक्सी करून घरी जातो. भरतीचं ग्राउंड करणाऱ्या पोराला ती सोय नसते. महाराष्ट्रात २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे १७ हजार पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. पुरुषांना १६०० मीटर धावायचं असतं, आणि ५ मिनिटं १० सेकंदांत धावलं तरच पूर्ण गुण. पुढच्या प्रत्येक टप्प्याला गुण कापले जातात. दीड-दोन वर्षं अकॅडमीची फी भरून, पहाटे गावच्या डांबरी रस्त्यावर धावून तयार झालेला पोरगा आदल्या रात्री मैदानाजवळच्या फुटपाथवर झोपतो, अर्धवट खातो, सकाळी रांगेत उभा राहतो. बीड-यवतमाळच्या कोरड्या हवेतून तो थेट ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत आलेला असतो. सरावायला लागणारे ते दहा-चौदा दिवस त्याला कोण देणार? चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी त्याच्या डोक्यात सेकंदच चालू असतात. आपण त्याला ‘थांबायला हवं होतं’ म्हणतो, पण शंभर अर्जांमागे एक जागा असताना थांबणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही.

जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरची धाव होती. त्या धावेत काही तरुणांचा जीव गेला, आणि मग अंतर कमी झालं. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत पुरुषांना एका तासात १० किलोमीटर धावायचं होतं. दहाहून अधिक उमेदवार दगावले. कारणांवरून वाद झाले, उत्तेजक औषधांचीही चर्चा झाली. दोन्ही ठिकाणी महिना दमट होता. आणि नुसतं उन्हात ताटकळणंही किती महाग पडतं, ते १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या पुरस्कार सोहळ्याने दाखवलं. तिथे कोणी धावत नव्हतं, लोक बसलेले होते, तरी चौदा जण गेले.

यावरचा उपायही पोरांना धावायला लावणाऱ्या एका संस्थेनेच शोधला आहे. अमेरिकेच्या मरीन दलाचं पॅरिस आयलंड हे प्रशिक्षण केंद्र साउथ कॅरोलायनाच्या दमट किनाऱ्यावर आहे. १९५० च्या दशकात तिथे रिक्रूट उष्माघाताने कोसळू लागले, तेव्हा त्यांची जिद्द मोजण्याऐवजी हवा मोजायचं ठरलं. ओल्या तापमापकाला सत्तर टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला वीस आणि साध्या तापमानाला दहा टक्के वजन देऊन एक आकडा काढतात. त्यानुसार मैदानावर हिरवा, पिवळा, लाल किंवा काळा झेंडा लागतो. आकडा ३२.२ च्या पुढे गेला की काळा झेंडा, आणि कष्टाचा सराव बंद. कोणाला दम आहे, कोणाला नाही, हा प्रश्नच उरत नाही. मुंबईतल्या जूनच्या उन्हात, ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना, हा आकडा ३२ च्या आसपास भरतो.

कोसळलेल्या माणसाबद्दलही एक गैरसमज घट्ट आहे: उष्माघात म्हणजे कोरडी, तापलेली कातडी. धावताना होणाऱ्या उष्माघातात माणूस बरेचदा घामाने थबथबलेला असतो. खरी खूण म्हणजे तो असंबद्ध बोलतो, भांडतो, भलत्याच दिशेला वळतो. अशा वेळी आधी थंड करायचं आणि मग हॉस्पिटलला न्यायचं, हा क्रम डॉक्टर सांगतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला ऑगस्टमध्ये होणाऱ्या फॅलमथ शर्यतीत वर्षानुवर्षं असे रुग्ण जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवले गेले आणि वाचले. टब, बर्फ, पाणी आणि शरीराच्या आतलं तापमान मोजणारा थर्मामीटर: भरतीच्या मैदानाला न परवडणारं यात काही नाही.

महाराष्ट्रातली २०२४ ची पोलीस भरती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली, तेव्हा पावसाने मैदानावर चिखल झाल्यास उमेदवारांना पुढची तारीख मिळेल, असं सरकारने सांगितलं. चिखलात पाय घसरतो, हे सगळ्यांना दिसतं. ओल्या तापमापकाचा आकडा कोणी मोजलाच नाही, तर त्यासाठी पुढची तारीख कोण मागणार?