सुटे भाग आणि तोच ट्रक

खडकाळ वाटेवर चालवायच्या रिमोट कंट्रोल ट्रकचा प्रत्येक भाग सुटा होतो आणि सुटा बदलता येतो. चाके, अ‍ॅक्सल, शॉक, मोटर, गिअर, बॅटरी, वरची बॉडी, आणि वेळ आली तर ज्या दोन पट्ट्यांवर हे सगळे बसते ती चेसिससुद्धा. छंद नेटाने चालवला, तर काही वर्षांनी त्या गाडीत मूळ खोक्यातून निघालेले चार स्क्रू उरतात. कधी तेही उरत नाहीत. तरी मालक तिला तीच गाडी म्हणतो. हे म्हणणे खरे की सोयीचे, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. नाशिकच्या आसपासची जमीन गाडीत जे बदल करायला लावते, त्यातून तो नव्याने उभा राहतो.

ट्रक निवडताना पहिला निर्णय वेगाचा. ट्रॅक्ससच्या स्लॅशसारखे ट्रक मोकळ्या मैदानात धावायला आणि उड्या मारायला असतात. क्रॉलर जातीचे ट्रक माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालतात आणि दगडावर चढतात. नाशिकच्या पश्चिमेला त्र्यंबकेश्वरकडे जावे तसा सह्याद्रीचा बेसाल्ट उघडा पडत जातो. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला हा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि मधल्या उतारांवर सुटा मुरूम पसरलेला असतो. अशा ठिकाणी वेगाचा उपयोग नाही. इथे क्रॉलरच हवा. रूढ माप एक-दशांश. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३१३ किंवा ३२४ मिलिमीटर ठेवण्याची पद्धत आहे. अंतर जास्त असेल तर गाडी खड्या चढणीवर मागे उलटत नाही, पण धारेवरून पलीकडे उतरताना तिचे पोट टेकते. कमी असेल तर गाडी चटकन वळते आणि तितकीच चटकन उलटते. २०१७ साली बाजारात आलेल्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ मध्ये पोर्टल अ‍ॅक्सल आहेत. त्यांत चाकाजवळच गिअरची जोडी बसवून अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर उचललेला असतो, त्यामुळे तो दगडात अडकत नाही. डिफरन्शिअलही हातातल्या रिमोटवरून लॉक होतात. ज्याला एवढा खर्च नको, त्याला डब्ल्यूपीएल किंवा एमएन या चिनी बनावटीच्या लहान ट्रकांवर हात बसवता येतो. त्यांचे प्लास्टिकचे भाग लवकर झिजतात, पण बदलायचे कसे हे त्यामुळेच शिकायला मिळते.

बदलांची सुरुवात टायरपासून करावी. मोटर बदलण्याचा मोह आधी होतो, पण पकड नसेल तर वाढलेली ताकद चाक जागच्या जागी फिरवण्यात जाते. क्रॉलरच्या टायरमध्ये हवा दाबून भरलेली नसते; आत फोमचे कडे असते आणि हवा आत-बाहेर जायला भोक ठेवलेले असते. मूळ फोम बहुधा सगळीकडे सारखाच मऊ असतो. त्याऐवजी आत कडक आणि बाहेर मऊ असा दुपदरी फोम घातला, की टायर दगडाच्या कडेला लपेटून धरतो आणि तरी गाडीच्या वजनाखाली कोलमडत नाही. कोरड्या दिवसांत नाशिकचा खरबरीत कातळ अशा टायरला फार चांगला धरतो. जून उजाडला की चित्र पालटते. कातळावर शेवाळ चढते, सखल भागातली काळी माती टायरच्या नक्षीत गच्च बसून तिचा गुळगुळीत गोळा होतो, आणि हवेच्या भोकातून शिरलेले पाणी पिऊन फोम जड होतो. तेव्हा नक्षीतली अंतरे मोठी असलेले दुसरे टायर लागतात. उन्हाळ्यातली गाडी आणि पावसाळ्यातली गाडी इथेच वेगळी व्हायला लागते.

त्यानंतर वजन. चढणीवर गाडीचा भार मागे सरकतो आणि पुढची चाके हलकी होऊन उचलली जातात. म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलवर, चाकाच्या मध्याच्या पातळीला किंवा त्याखाली, पितळेचे भाग बसवतात. पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट जड असते, त्यामुळे भागाचा आकार न वाढवता भार खाली आणता येतो. टपावरचे कॅरिअर, त्यावरचे छोटे डबे आणि दिवे दिसायला सुंदर, पण त्यांचा प्रत्येक ग्रॅम गाडीला उलटवण्याच्या बाजूने काम करतो.

पितळ एकटे येत नाही, आणि प्रश्नाचे मर्म इथेच आहे. पुढे वजन वाढले की दगडाच्या फटीत अडकलेली चाके वळवायला मूळ सर्व्होची, म्हणजे चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरची, ताकद पुरत नाही. धातूच्या गिअरचा, २० किलो-सेंटिमीटरच्या पुढचा सर्व्हो घ्यावा लागतो. तो सर्व्हो जोर लावताना इतकी वीज ओढतो, की स्पीड कंट्रोलरकडून रिसीव्हरला मिळणारा व्होल्टेज कोसळतो आणि गाडी ऐन चढणीवर मान टाकते. मग त्याला वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो. सर्व्हो हटेनासा झाला, की ताण पुढच्या दुबळ्या भागावर जातो आणि अ‍ॅक्सलमधला दांडा पिळवटून तुटतो. तो पोलादाचा घ्यावा लागतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकला लेथवर काम करणाऱ्यांची वाण नाही, त्यामुळे असा भाग कातून घेणेही अवघड नाही. पण एक भाग बदलला आणि बाकीची गाडी होती तशी राहिली, असे कधी होत नाही. प्रत्येक नवा भाग शेजारच्या भागाकडे काहीतरी मागतो.

शहराच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी त्यातली २४ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली. तिसरे लेणे भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दिल्याचे शिलालेखच सांगतो. ज्या बौद्ध परंपरेचे ते भिक्षू होते, तिने रथाचे उदाहरण घेऊन हाच प्रश्न फार पूर्वी सोडवला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिनँडरला विचारतो, की रथ म्हणजे त्याचा आस का, चाके का, सांगाडा का, की या सर्वांची बेरीज. राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी राजाच कबूल करतो, की या भागांच्या आधाराने 'रथ' हा व्यवहार चालतो, आणि नागसेन त्याला दुजोरा देतो. भागांपलीकडे रथ नावाची स्वतंत्र वस्तू सापडत नाही. ट्रकला हे उत्तर लावले, तर सगळे भाग बदलल्यावर ट्रक तोच राहिला का, या प्रश्नाला खोल असे उत्तरच नाही. जो व्यवहारात तोच, तो तोच. हे उत्तर पुष्कळांना पळवाट वाटते. ते तसे नाही, कारण भाग एकमेकांच्या आधारानेच काही करू शकतात, हेही याच परंपरेने शिकवले. पितळापासून पोलादी दांड्यापर्यंतची साखळी त्याचाच दाखला आहे.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते; ती अवयवांत समवाय संबंधाने राहते. या मताची किंमतही त्यांनी प्रामाणिकपणे चुकवली. वस्त्रातला एक धागा काढला तर जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांतून दुसरे, खंडपट, उत्पन्न होते, असे त्यांना म्हणावे लागले. या हिशेबाने टायर उतरवला की जुना ट्रक संपला आणि चढवला की नवा जन्मला. मग 'तोच हा' ही ओळख साम्यावर टेकवावी लागते. सिद्धान्त म्हणून हे काटेकोर आहे, पण टायर बदलणाऱ्याच्या अनुभवाशी ते जुळत नाही.

जैन दार्शनिक मधला मार्ग घेतात. जे जे सत् आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता ही तिन्ही एकाच वेळी असतात, असे जैन दर्शन सांगते. पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात; द्रव्य टिकते. सोन्याचे कडे मोडून हार केला, तर सोने टिकते हे पटते. ट्रकच्या बाबतीत मात्र अडचण येते, कारण इथे द्रव्यच बदलते. प्लास्टिक जाऊन पितळ येते. मग ध्रुव काय राहिले?

याचे सर्वांत उपयोगी उत्तर सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीकडे मिळते. ज्याच्या अंगी काही कार्य घडवण्याचे सामर्थ्य आहे तेच खरे, असा त्याचा निकष आहे. त्याला तो अर्थक्रिया म्हणतो. धर्मकीर्ती स्वतः क्षणिकवादी होता आणि टिकणारी वस्तू त्याला मान्य नव्हती. तरीही त्याचा निकष व्यवहारात वापरता येतो. क्रॉलरचे कार्य हळू आणि ठाम चढणे. टायर, पितळ, सर्व्हो, दांडा हे बदल तेच कार्य पुढे नेतात, म्हणून इतके बदलूनही ती गाडी तीच. उलट, एकच वेगवान मोटर आणि तिला साजेसे गिअर बसवून तिला मैदानात पळवायला लागले, तर नव्वद टक्के भाग मूळचे असूनही ती दुसरी गाडी झाली. भागांची संख्या मोजून ओळख ठरत नाही. बदलाची दिशा पाहावी लागते.

पांडवलेणीतले विसावे लेणे या निकषावर घासून पाहण्यासारखे आहे. तिथल्या शिलालेखानुसार बोपकी नावाच्या श्रमणाने सुरू केलेले हे लेणे बरीच वर्षे अपुरे होते. यज्ञ सातकर्णीच्या सातव्या राज्यवर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पुरे केले. पुढे महायान काळात आतली भिंत मागे खोदून बुद्धमूर्तीचे गर्भगृह केले गेले. भिक्षूंच्या निवासाला पूजेची जागा जोडली गेली. कार्य पुढे गेले की बदलले? इथे निकष एकच उत्तर देत नाही. निवास चालू राहिला असेल तर लेणे तेच, आणि पूजा हेच मुख्य काम झाले असेल तर ते दुसरे झाले. निकष काठावर असा अडखळतो, हे मान्य करायला हवे.

पाश्चात्त्य परंपरेत हा प्रश्न प्लुटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजावरून ओळखला जातो. १६५५ साली टॉमस हॉब्जने त्याला खरा पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर मूळ जहाज कोणते? क्रॉलर बाळगणाऱ्यांच्या घरी हे खरोखर घडते. काढलेले टायर, सर्व्हो, मोटर, अ‍ॅक्सल एका डब्यात साठत जातात. एक चेसिस आणि रिसीव्हर विकत आणला की त्यांतून दुसरा ट्रक उभा राहतो आणि तो धाकट्या भावंडाला मिळतो. द्रव्याच्या दृष्टीने मूळ ट्रक धाकट्याकडे आहे. पण दगडावर चढण्याचे काम एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंत न तुटता थोरल्याच्या गाडीने चालवले, आणि डब्यातले भाग मधल्या काळात काहीच करत नव्हते. अखंड चाललेले काम ज्याच्याकडे, तोच मूळ. धाकट्याच्या वाट्याला मूळचे भाग आले, मूळचा ट्रक नाही.

खऱ्या रस्त्यावरच्या गाड्यांसाठी कायद्याने हा वाद चेसिस क्रमांकावर मिटवला आहे. महिंद्राच्या नाशिक कारखान्यात बोलेरो आणि स्कॉर्पिओ तयार होतात. प्रत्येकीच्या सांगाड्यावर क्रमांक ठोकलेला असतो आणि गाडीची ओळख त्याला बांधलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम ठेवला. कायद्याला असा एकच खिळा लागतो, कारण त्याला चोरी, विमा आणि अपघाताची जबाबदारी ठरवायची असते.

हातातल्या ट्रकवर असा क्रमांक नाही, पण ओळखीचा प्रश्न तिथेही नैतिक होतोच. स्पर्धांमध्ये चाकांचे माप आणि अ‍ॅक्सलमधले अंतर यांवर गट ठरतात. त्या मर्यादेबाहेर नेलेला ट्रक जुन्या नावाने त्याच गटात उतरवणे खोटेपणाचे आहे. जुना ट्रक विकतानाही तेच. कंपनीचे नाव बॉडीवर असते, पण आतला सर्व्हो, मोटर, स्पीड कंट्रोलर तीन वेगळ्या ठिकाणचे असतात, आणि घेणारा त्या नावावर विसंबून पैसे मोजतो. विकणाऱ्याने काय बदलले, कशासाठी बदलले आणि त्यापायी आणखी काय बदलावे लागले, हे तिन्ही सांगणे त्याचे देणे आहे. भागांची नुसती यादी पुरत नाही: पितळ घातलेल्या गाडीत मूळ प्लास्टिकचा दांडा राहिला असेल, तर यादीतला प्रत्येक शब्द खरा असूनही घेणाऱ्याची गाडी पहिल्याच चढणीवर तुटते.