उजाडता-मावळता

बास पकडायला पाण्यावर तरंगणारं आमिष कधी टाकावं, हा प्रश्न अमेरिकेतल्या कुठल्याही तळ्याकाठी विचारा. उत्तर तोंडपाठ असतं. उजाडताना आणि मावळताना. जरा खोलात शिरणारा कुणी भेटला, तर 'आभाळ भरलेलं असेल तर दिवसभर' एवढी पुरवणी जोडतो. उत्तर चूक नाही. माझी तक्रार अशी, की ते इतकं सर्वमान्य झालंय की तपासायची सोयच उरलेली नाही. सगळे उजाडता जातात म्हणून सगळ्यांना उजाडता मासे लागतात. लागतात म्हणून पुन्हा सगळे उजाडताच जातात. उन्हं चढली की तीच मंडळी वरचं आमिष डब्यात टाकतात, रबरी किडा तळाशी सोडतात आणि दुपारी मासा वर येत नाही असं छातीठोकपणे सांगतात. दुपारी वर कुणी काही टाकलेलंच नसतं.

लार्जमाउथ बास हा सनफिशच्या कुळातला, गोड्या पाण्यातला मासा. हिरवट पाठ, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा आणि नावाला जागणारं तोंड: मिटलेलं असलं तरी वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलेलं. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. हौशी मासेमारांनी आता जगभर नेऊन सोडलेला. लांबवर पाठलाग करण्यापेक्षा बुडलेल्या ओंडक्याआड, पाणवेलींच्या कडेला दबा धरून बसणं त्याला मानवतं. त्याच्यासाठी पाण्यावर जे टाकतात ते टॉपवॉटर. त्यातला पॉपर म्हणजे बोटभर लांबीचा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा तुकडा, तोंडाशी खोलगट, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ. तो पानांच्या कडेला पडला की जाणता माणूस काहीच करत नाही. उठलेली वर्तुळं पसरून विरू देतो. मग मनगटाला हलकासा झटका. खोलगट तोंडात पाणी अडतं आणि 'बुळुक' असा आवाज होतो. पुन्हा थांबायचं. बहुतेकदा मासा येतो तो या थांबण्यात. आल्यावरचं काम त्याहून अवघड. पाणी उसळलेलं दिसतं, हात आपोआप उठू पाहतो. पण आमिष तोंडात गेलं की नुसतंच उडवलं गेलं, हे डोळ्याला कळत नाही. दोरीला वजन लागेपर्यंत कळ काढायची, मगच रॉड उचलायची. नवख्यांचे निम्मे मासे इथेच सुटतात.

आता वेळेचं. पहिला हिशेब डोळ्यांचा. बासला पापण्या नाहीत, आणि उजेड वाढला म्हणून त्याची बाहुली आपल्यासारखी आक्रसत नाही. उजेडाशी जुळवून घ्यायचं काम डोळ्याच्या आतल्या पडद्यात चालतं: अंधारात पाहणाऱ्या पेशी आणि उजेडात पाहणाऱ्या पेशी तिथे अक्षरशः मागेपुढे सरकतात. ही अदलाबदल व्हायला वेळ लागतो. त्या सांध्यावर लहान माशांची नजर कच्ची पडते, आणि अंधुक उजेडात बासची नजर त्याच्या नेहमीच्या भक्ष्यापेक्षा, म्हणजे ब्लूगिलसारख्या माशापेक्षा, सरस ठरते. त्याला शिकार आधी दिसते. शिकारीला तो उशिरा. पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा बोलबाला आहे तो या फरकामुळे.

शिवाय खालून वर पाहण्यात एक गंमत आहे. पाण्यातून वर बघणाऱ्याला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा, मासा कितीही खोल असो. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे आरसा; त्यात तळाचं प्रतिबिंब. तरंगणारं आमिष आधी त्या आरशावरचा ओरखडा असतं आणि खिडकीत शिरलं की आभाळावर उमटलेली काळी आकृती. भर उन्हात, निवळशंख पाण्यात त्या आकृतीखालचे गळही दिसतात आणि दोरीही. मावळतीला नुसता आकार उरतो. वाऱ्याने पाणी हललं की खिडकीच्या ठिकऱ्या होतात. म्हणून हलक्या वाऱ्याची ढगाळ दुपार माशाच्या लेखी पहाटेच्या बरीच जवळची.

दुसरा हिशेब उष्णतेचा, आणि इथे पाठ केलेलं उत्तर डळमळायला लागतं. बासच्या अंगाची ऊब पाण्यावर अवलंबून. पाणी पंधरा-सोळा अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर वर येऊन झडप घालायची उठाठेव तो सहसा करत नाही. उत्तर कॅरोलायनात, रॅली आणि केरीजवळच्या जॉर्डन लेकवर, मार्चअखेरची पहाट पाहावी तर चित्रासारखी असते. पाण्यावर धुकं, वर गरुड. पण मासेमाराला ती फुकट. त्या दिवसांत उथळ कोपऱ्यांवर चार तास ऊन पडू द्यावं आणि तिसऱ्या प्रहरी जावं. जुलै-ऑगस्टमध्ये गणित उलटं होतं.

आणि ऐन उन्हाळ्यातली पहाट तरी निर्विवाद आहे का? पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्रभर वापरतात. गच्च वनस्पती माजलेल्या लहान तळ्यात पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो, तो नेमका सूर्य उगवायच्या सुमाराला. पाणी गार, उजेड अंधुक, सगळं मासेमाराच्या मनासारखं. आणि मासा मरगळलेला. अशा तळ्यावर संध्याकाळ केव्हाही उजवी. उजाडता-मावळता असं एका दमात म्हणण्यात हा फरक बुजून जातो. महाराष्ट्रातले हौशी मासेमार मरळ माशासाठी जो रबरी बेडूक वापरतात, तो अमेरिकेत बाससाठी वापरतात तोच. पण मरळ हवेतून श्वास घेतो, त्यासाठी त्याला वर यावंच लागतं. पाण्यातला प्राणवायू घटला म्हणून त्याचं फारसं अडत नाही. बेडूक एक, पंचांगं दोन.

तिसरा हिशेब भक्ष्याचा, आणि मला वाटतं, खरा मुहूर्त ठरतो तो इथे. वसंताच्या अखेरीला शॅड मासे काठालगतच्या दगडांवर अंडी घालायला येतात ते पहाटे. त्यामुळे तेवढे काही आठवडे पहाटेला तोड नसते. पण २०२४ च्या मे महिन्यात जॉर्डन लेकच्याच भागात तेरा वर्षांनी जमिनीतून वर येणारे सिकाडा बाहेर पडले. हे कीटक ऊन तापल्यावर उडतात, गातात, आणि बेंगरूळपणे पाण्यात पडतात. पाण्यावर पडलेला सिकाडा पंख फडफडवत गोल फिरत राहतो. याहून चांगलं टॉपवॉटर कुठल्या कारखान्यात बनणार? त्या दिवसांत काठच्या झाडांखाली भर दुपारी पाणी फुटत होतं, आणि शिस्तीची मंडळी पहाटेची फेरी उरकून घरी वामकुक्षी घेत होती. हेच लोक पुढच्या खेपेला, २०३७ मध्ये, काय करतील? पुन्हा पहाटेच जातील, असा माझा कयास.

सावलीचंही तसंच. लिलीची पानं एकमेकांवर चढून छत झालं, की त्याखाली दुपारी बारालाही संध्याकाळ असते. वरून रबरी बेडूक पानापानावरून ओढत न्यावा, एखाद्या फटीत थांबवावा. खालच्या माशाला आपल्या घड्याळात किती वाजलेत याच्याशी कर्तव्य नाही. धक्क्याच्या फळ्यांखालीही हेच.

चंद्राचा विषय टाळता येत नाही, कारण अमेरिकेत बासवाल्यांच्या खिशात चंद्राचं वेळापत्रक असतंच, आता मोबाइलमध्ये. जॉन ऑल्डन नाइट या लेखकाने १९२६ मध्ये सोल्यूनर सिद्धान्त मांडायला सुरुवात केली आणि १९३६ मध्ये त्याची कोष्टकं छापली. चंद्र डोक्यावर आणि पायाखाली असताना दोन मोठे काळ, उगवता-मावळताना दोन छोटे. ऐकायला रुबाबदार आहे. पण हे चार काळ एकत्र केले की दिवसाचे निदान सहा तास 'उत्तम' निघतात. एवढ्या ऐसपैस मुहूर्तात मासा न लागला तरच नवल. शिवाय नाइटने पडताळ्यासाठी पाहिल्या त्या मोठ्या पकडींच्या नोंदी; त्याच काळात रिकाम्या हाताने परतलेल्यांची वही कुणी ठेवली होती?

आपल्या कोळ्यांनाही चंद्र लागतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकराच्या. उधाण कधी आणि भांग कधी, यावर जाळं ठरतं. पण तिथे चंद्र खाडीतलं पाणी खरोखर हलवतो आणि पाण्याबरोबर मासळी हलते. कारण आणि परिणाम यांमधली दोरी हाताला लागते. जॉर्डन लेकसारख्या जलाशयाला भरती-ओहोटी नाही. चंद्राला तिथे वाव असेल तर तो आडून: ब्लूगिल उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुनवेच्या आगेमागे उथळ पाण्यात घरटी करतात असा अनुभव आहे, आणि घरट्यांभोवती बास घुटमळतो. म्हणजे पुन्हा भक्ष्यच. एवढा चंद्र मी मानतो, कोष्टकातला नाही.

इतकं सगळं मांडूनही एक गोष्ट उरते. सर्वांत जास्त मासे हवे असतील तर टॉपवॉटर हे बहुतेक वेळा योग्य हत्यारच नव्हे. वर्षातला बराच काळ बासचं खाणं पाण्याच्या मधल्या थरात आणि तळाशी चालतं. वरचं आमिष टाकतो तो माणूस मासा लागण्याआधी दिसावा म्हणून टाकतो. जेम्स हेडनची दंतकथा आहे: १८९८ च्या सुमारास मिशिगनमधल्या डोवाजॅक गावी, गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट बघत तो लाकूड तासत बसला होता, तासलेला तुकडा सहज पाण्यात फेकला आणि बासने त्यावर झेप घेतली. पुढे त्यातून आमिषांचा कारखाना उभा राहिला. कथेत वेळ किती वाजताची ते कुणी सांगत नाही. खरी असो-नसो, तिच्यात धंद्याचं मर्म आहे: ती सांगितली जाते, कारण हेडनला मासा दिसला.

म्हणूनच रात्रीचं उदाहरण मला बोलकं वाटतं. उन्हाळ्यात तळी दिवसा तापतात आणि मोठा बास रात्री उथळ पाण्यात येतो, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. फ्रेड आर्बोगास्टचा जिटरबग तर रात्रीसाठीच नावाजलेला. एकसारखा ओढला की काळोखात 'ब्लुप-ब्लुप' करत डुलत येतो आणि मासा त्याला पाण्याच्या कंपनांवरून गाठतो. मग 'सर्वोत्तम वेळ' म्हणून रात्रीचं नाव का निघत नाही? कारण रात्री माणसाला काही दिसत नाही. नुसता धप्प आवाज येतो आणि दोरी जड होते. उजाडता-मावळता ही वेळ दोन डोळ्यांनी मिळून ठरवलेली आहे: माशाचा डोळा वरचढ असावा, आणि आपला अजून पुरता निकामी झालेला नसावा. तळ्यावरच्या चर्चेत यातला पहिला भागच सांगितला जातो.

आठवणही या वेळेच्या बाजूने झुकते. तळाशी लागलेला मासा म्हणजे दोरीला बसलेली एक टोचणी. चार दिवसांत विसरतो. गुलाबी पाण्यातून तोंड उघडून वर आलेला बास जन्मभर सांगितला जातो. त्यामुळे दहा सकाळींतली एक लक्षात राहते आणि उरलेल्या नऊ तिच्याच पोटात जमा होतात.

स्पर्धांच्या नोंदींनी हा प्रश्न सुटावा अशी अपेक्षा असते. रे स्कॉटने १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, तेव्हापासून वजनांच्या रीतसर नोंदी आहेत. पण स्पर्धेच्या होड्या सुटतात पुरेसं उजाडल्यावर आणि वजनकाट्यावर परततात बहुधा दुपारी. संध्याकाळ या वह्यांत जवळजवळ नाहीच. तिची सगळी कीर्ती ऑफिस सुटल्यावर काठावर येणाऱ्या, कसलीही नोंद न ठेवणाऱ्या माणसांच्या सांगण्यावर उभी आहे.

तरी मित्र विचारतातच, "अरे ते सगळं ठीक, पण नक्की जाऊ कधी?" माझं उत्तर: दुपारी एकदा धक्क्याच्या सावलीत टाकून बघ, लोक हसले तर हसू देत. आणि मग जूनमधली संध्याकाळ, पाणी पंचवीस-सव्वीस अंशांचं, वारा नावापुरता, पश्चिमेकडून ढग चढत आलेले. कॅरोलायनात असे ढग उन्हाळ्यात बहुधा गडगडाट घेऊनच येतात, आणि उजेड झपाट्याने उतरतो तेव्हा मासा सगळ्यात जोरात वर येतो. नेमकं तेव्हाच होडी काठाला लावायची. रॉड ग्रॅफाइटची असते आणि ग्रॅफाइटमधून वीज बिनबोभाट वाहते.