इतर

सर्व्हर नावाचे यंत्र रात्रंदिवस रोजनिशी लिहीत असते. कोण आले, कधी आले, काय मागितले, मिळाले की हात हलवत परत गेले. माणसाची रोजनिशी जानेवारीच्या ५ तारखेला संपते. याची संपतच नाही. या फायलींना लॉग म्हणतात, आणि त्या ज्याच्या त्याच्या डिरेक्टरीत नेऊन ठेवणे हा माझ्या पोटापाण्याचा एक भाग आहे.

ते काम मी पर्लकडून करून घेतो. १९८७ साली लॅरी वॉल या गृहस्थांनी ही भाषा काढली. आळस, उतावीळपणा आणि घमेंड हे प्रोग्रॅमरचे तीन सद्गुण, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घराण्यात हे तिन्ही पिढीजात आहेत, पण त्यांना सद्गुण म्हणायची छाती कुणाची झाली नाही.

पर्लमध्ये हॅश असतो. देवळाबाहेर चपला सांभाळणारा बसतो ना, तसा. बिल्ला दाखवला की जोड हजर. आधी कोण आला, नंतर कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. इथे बिल्ला म्हणजे फायलीच्या नावाचा पहिला तुकडा, आणि हाती येते ते डिरेक्टरीचे नाव. २०१३ च्या ५.१८ आवृत्तीपासून तर प्रोग्रॅम पुन्हा चालवला की हॅशमधला क्रमही बदलतो; कुणी खोडसाळाने मुद्दाम एकाच कप्प्यात गर्दी करू नये म्हणून. एकाच बिल्ल्यावर दुसरी नोंद केली तर पहिली गडप होते. हॅश ब्रही काढत नाही.

पण ज्या फायलीचा बिल्लाच हॅशमध्ये नाही, तिचं काय करायचं? तिच्यासाठी आम्ही 'इतर' नावाची डिरेक्टरी ठेवतो. जनगणनेच्या तक्त्यातही असा रकाना असतो. त्यातला एकही माणूस आपल्या घरी स्वतःला 'इतर' म्हणत नसणार.

आमच्या ऑफिसातला एक तरुण म्हणाला, "काका, 'इतर' दर आठवड्याला पुसून टाकू या ना. कोण वाचतंय?"

हिशेबाने त्याचं बरोबर होतं. डिस्क काही फुकट मिळत नाही. पण बिल्ले कालच्या दुखण्यांवरून पाडलेले असतात, आणि नवं दुखणं जुनं नाव लावून येत नाही. ते येणार ते 'इतर'मध्येच. ओळख पटली नाही म्हणून एखाद्याचं म्हणणं न ऐकताच पुसायचं, हे मला काही पटेना. म्हणून शुक्रवारी चहानंतर मी ती उघडून बसतो.

गेल्या शुक्रवारी तिथे एक फाईल सापडली. बॅकअपची डिस्क भरत आल्याचं ती ओळीने ९ रात्री सांगत होती. तिला बिल्ला दिला. अजून ३६ वाचायच्या आहेत.