दिसलं नाही म्हणजे नाहीच का?

मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे देवगडचा विषय निघाला की सुरंग आलीच. छिंदवाड्याच्या दक्षिणेला, मोहखेडच्या अंगाला डोंगरावर असलेला हा गोंड राजांचा किल्ला. इथल्या जाटबा राजाची नोंद अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या तोंडाशी नागपूर वसवलं. आता राजाचं एक गाव डोंगरात आणि दुसरं सपाटीवर म्हटल्यावर दोन्हींच्या मध्ये भुयार हवंच! देवगडातून निघालेली सुरंग थेट नागपुरात उघडते, असं लोक सांगतात, आणि सांगताना आवाज जरासुद्धा खाली येत नाही. जिल्ह्याच्या सरकारी माहितीतही ही गोष्ट आहे, फक्त तिथे ‘असे मानले जाते’ एवढं सावधपणाचं शेपूट जोडलेलं आहे.

कोण मानतं? कधीपासून? विचारून पाहावं, तर उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: ‘माह्या आज्यानं पाह्यली होती.’ आजा आता नाही. तोंड दगडमातीनं बुजलेलं असतं, किंवा आत साप असतात, किंवा इंग्रजांनी ते बंद केलेलं असतं. जगातल्या यच्चयावत भुयारांची तोंडं याच तीन कारणांनी बंद झालेली दिसतात.

ही आवड काही एकट्या सातपुड्याची नाही. कॅनडातल्या जुन्या रेल्वे कंपन्यांनी स्टेशनांसमोर राजवाड्यासारखी हॉटेलं बांधली, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात लोकांनी भुयारं कल्पिली. काही ठिकाणी ती खरीच होती. ओटावाचं शातो लॉरिए 1912 मध्ये उघडलं, टोरांटोचं रॉयल यॉर्क 1929 मध्ये. दोन्ही हॉटेलांतून समोरच्या युनियन स्टेशनात जमिनीखालून जाता येत असे. कारण साधं होतं: बाहेर बर्फ, हातात सामान. पण एका खऱ्या भुयारावर दहा खोटी जगतात. मूस जॉ नावाच्या रेल्वेच्या गावात तळघरांतून फिरवतात आणि शिकागोचा गुंड अल कपोन इथे लपत असे, असं सांगून तिकीट घेतात. तो तिथे आला होता याचा एकही कागद नाही.

सौंसरला असं हॉटेल नाही, पण रेल्वे तीच होती जिने पुरीला समुद्रकाठी हॉटेल थाटलं: बंगाल नागपूर रेल्वे, अर्थात बीएनआर. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज याच कंपनीची, सौंसर त्या वाटेवरचं स्टेशन. ही छोटी गाडी 2015 मध्ये गेज बदलासाठी थांबली. आणि पुरीत जमिनीखालच्या गोष्टीला तोटा नाही, फक्त ती हॉटेलाखालची नसून देवळातली आहे. जगन्नाथाचं रत्नभांडार 14 जुलै 2024 रोजी 46 वर्षांनी उघडलं, तेव्हा दागिन्यांइतकीच चर्चा आतल्या गुप्त भुयाराची होती. आत जाऊन आलेल्या समितीचे अध्यक्ष न्या. बिश्वनाथ रथ यांनी तशी काही खूण दिसली नाही, असं सांगितलं. चर्चा थांबली नाही. सप्टेंबरात पुरातत्त्व खात्याने रडार लावून फरशा आणि भिंती तपासल्या.

इथे प्रश्न गप्पांचा राहत नाही, तत्त्वज्ञानाचा होतो. शोधलं आणि सापडलं नाही, एवढ्यावर ‘नाही’ म्हणता येतं का?

आपल्याकडच्या दर्शनांनी हा प्रश्न फार बारकाईनं चघळलेला आहे. आज्याच्या साक्षीसाठी त्यांच्याकडे स्वतंत्र नाव होतं, ऐतिह्य. म्हणजे मूळ कोणी सांगितलं ते ठाऊक नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं सांगणं. त्याचं ठरीव उदाहरण असं, की या वडावर यक्ष राहतो असं म्हातारे सांगत आले. पौराणिकांनी ऐतिह्याला वेगळं प्रमाण मानलं. न्यायसूत्रकार गौतमाने मात्र ते शब्दप्रमाणात ढकललं, आणि त्यातच त्याची खोच आहे. शब्द प्रमाण ठरायला बोलणारा आप्त लागतो, म्हणजे जाणता आणि खरं सांगणारा. बोलणाराच सापडत नसेल, तर भरवशाची परीक्षा कोणाची घ्यायची? पांढुर्ण्याच्या गोटमारीचं, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेचंही तसंच. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. इकडच्या पोराने तिकडची पोरगी पळवली आणि नदीत दोघांवर दगड बरसले, ही कथा सगळ्यांना पाठ आहे, पण त्या दोघांची नावं कोणी सांगत नाही. तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगड खरे, फुटलेली डोकी खरी, आणि प्रशासनाने दगडांऐवजी आणून ठेवलेले रबरी चेंडू नाकारले गेले, तेही खरं.

दुसरं हत्यार अर्थापत्तीचं. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे, तेव्हा तो रात्री जेवत असणार. भुयारवाले हेच वापरतात: राजा वेढ्यातून निसटला, तेव्हा सुरंग असणार. देवदत्ताचा लठ्ठपणा डोळ्यांना दिसतो. राजाचं निसटणं मात्र त्याच कथेतलं असतं, म्हणजे कथेला साक्षीदार कथाच.

आणि मुख्य मुद्दा अनुपलब्धीचा. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने ती स्वतंत्र प्रमाण मानली: जमिनीवर घडा दिसत नाही, तर तिथे घडा नाही हे ज्ञान पक्कं. पण अट कडक. वस्तू अशी हवी की असती तर दिसलीच असती. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत. त्याच शतकातला बौद्ध पंडित धर्मकीर्ती पिशाचाचं उदाहरण देतो. पिशाच मुळात दिसण्याजोगंच नाही, म्हणून ते दिसत नाही एवढ्यावरून ते नाही असं ठरत नाही. फार तर संशय राहतो. नास्तिकाला आणि आस्तिकाला, दोघांनाही हे अडचणीचं आहे.

भुयार मग घड्याच्या बाजूचं की पिशाचाच्या? सांगणारा त्याला हळूच पिशाचाच्या रांगेत नेऊन बसवतो. बुजलंय, गाडलंय, दिसणारच नाही. पण भुयार ही माणसांनी खणलेली वस्तू आहे, ती आपली खूण सोडल्याशिवाय राहत नाही. देवगड ते नागपूर हे अंतर सरळ रेषेत धरलं तरी ऐंशी किलोमीटरांच्या घरात जातं. जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा, स्वित्झर्लंडमधला गोटहार्ड बेस, 2016 मध्ये सुरू झाला. तो 57 किलोमीटरांचा आहे. माणूस ताठ चालेल असं दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच भुयार धरा. ऐंशी किलोमीटरांना तीन लाख वीस हजार घनमीटर दगड निघेल, आणि फुटलेला दगड मूळच्यापेक्षा जास्तच जागा खातो. तो कुठे टाकला? हवा खेळायला उभ्या विहिरी पाडाव्या लागल्या असतील, त्या कुठे आहेत? कन्हान नदीचं पाणी आत कसं शिरलं नाही? भुयार लपेल, मलब्याचा डोंगर कसा लपणार! इथे कुमारिलाची अट पुरी होते: असता तर दिसलाच असता. रडारचा यात फारसा उपयोग नाही. सौंसरच्या कापसाच्या काळ्या, चिकण जमिनीत त्याच्या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात, आणि तिथे ‘यंत्राला दिसलं नाही’ हे वाक्य लंगडंच ठरतं.

भुयारवाल्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईच्या राजभवनात ‘खाली भुयार आहे’ असं जुनी माणसं सांगत. ऑगस्ट 2016 मध्ये, चे. विद्यासागर राव राज्यपाल असताना, एक बंद भिंत फोडली आणि आत सुमारे 150 मीटर लांबीचा, 13 खोल्यांचा ब्रिटिशकालीन बंकर निघाला. खोल्यांवर शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, पंप, वर्कशॉप अशा पाट्या. 2022 मध्ये जे. जे. रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या इमारतीखालीही सुमारे 200 मीटरचं भुयार सापडलं. म्हणजे आज्याचं ऐकून हसणं हाही आळसच. पण राजभवनात निघालं काय ते बघा: राजाची पळवाट नाही, खजिना नाही, दारूगोळ्याची कोठारं.

आता जामसावळी. सौंसरजवळ पिंपळाखाली पहुडलेला हनुमान, आणि त्याच्या नाभीतून पाझरणारं पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. कथा अशी, की मूर्ती पूर्वी उभी होती. तिच्याखाली धन पुरलंय अशा संशयाने काहींनी ती हलवायला घेतली, तेव्हा मारुतीराय आडवे झाले. मग घोडे जुंपले तरी जागचे हलले नाहीत. धनाचा दावा म्हणून तपासलं तर ही चलाख कथा आहे, कारण तपासायला जे करावं लागेल तेच तिने निषिद्ध ठरवलंय. पण रांगेतला माणूस धनाचा दावा करायला आलेलाच नसतो. त्याच्या लेखी कथेतला मुद्दा देव आडवा झाला हा. धन हे निमित्त. आळंदीचंही असंच. ज्ञानदेवांच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली म्हणून एकनाथ समाधीत उतरले, ही कथा वारकरी शतकानुशतकं सांगतात, आणि त्यांपैकी कोणाला समाधीवरची शिळा उचलून पाहावीशी वाटली नाही. तिथे न उघडणं ही पळवाट नाही. ते नात्याचं राखणं आहे. देवगडच्या सुरंगीला ही सवलत नाही, कारण ती श्रद्धा म्हणून सांगितलीच जात नाही. ती इतिहास म्हणून सांगितली जाते.

दोन्हींची सरमिसळ झाली की काय होतं, ते पहायला सौंसरहून दक्षिणेला सीमा ओलांडली तरी पुरे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला, गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली केलेली अमानुष कृत्यं गुन्हा म्हणून नोंदवावी लागली. जमिनीखाली धन आहे ही ‘श्रद्धा’, आणि ते काढायचं म्हणून कोणाचं तरी लेकरू बळी. तिथे श्रद्धेच्या नावावर सूट मागणारे दावा मात्र पक्का घड्याच्या जातीचा करत असतात: इतके हात खणा, हंडा लागेल.

देवगडाबद्दल आणखी एक म्हण आहे, आठशे बावड्या आणि नऊशे विहिरी. हीही ऐतिह्याच्याच जातीची. पण ती कोणी पिशाचाच्या रांगेत बसवली नाही. अलीकडच्या वर्षांत मनरेगातून गाळ उपसायला घेतला, झुडपं तोडली, आणि दगडी पायऱ्यांच्या बावड्या एकामागून एक वर आल्या. मोजदाद आठशेच्या जवळपासही गेली नाही. ज्यांना सुरंगीचा आग्रह आहे, त्यांच्यासाठी डोंगर तोच आहे आणि फावडंही तेच.