भूल देणाऱ्याचे तास

सरकारी मेडिकल कॉलेजात सकाळची पहिली केस टेबलावर येण्याआधी भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, हजर असतो. मशीनमधून ऑक्सिजन नीट येतो का, सक्शन चालतं का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, हे सगळं तपासायचं. औषधं सिरिंजमध्ये भरून प्रत्येकीवर नावाची पट्टी चिकटवायची. रुग्णाची तपासणी आदल्या दिवशीच उरकलेली असते. एकदा भूल दिली की तो रुग्णाच्या डोक्याशी उभा राहतो आणि बदली माणूस आल्याशिवाय तिथून हलत नाही. सर्जरीच्या युनिटमधला एखादा सहायक मधेच चहा पिऊन येऊ शकतो. भूल देणाऱ्याला ती मुभा नाही.

महिनाअखेर त्याच्या हातात पडणारी रक्कम मात्र त्वचारोग विभागातल्या त्याच्या वर्गमित्राइतकीच असते. केंद्र सरकारच्या संस्थांत कनिष्ठ निवासी डॉक्टरला सातव्या वेतन आयोगानुसार 56,100 रुपये मूळ वेतन मिळतं, विभाग कुठलाही असो. महाराष्ट्रातही विद्यावेतन विभाग पाहून ठरत नाही. अमेरिकेतही साधारण हाच रिवाज आहे: प्रशिक्षणाचं वर्ष पाहायचं, विषय नाही. यात गैर काही नाही. विषयवार दर लावले तर शिकाऊ डॉक्टरांमध्ये नसती चढाओढ लागेल. खरी खोट आहे ती दुसरीकडे. या रकमेचा कामाच्या तासांशी काडीचाही संबंध नाही.

संबंध कागदावर कधीकाळी होता. केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला साधारण 48 तास आणि सलग 12 तासांपेक्षा जास्त काम नको, असं स्पष्ट लिहिलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीत ‘वाजवी’ तास काम आणि ‘वाजवी’ विश्रांती आहे, वर्षाला 20 दिवसांची किरकोळ रजा आहे, कामाच्या निकडीनुसार साप्ताहिक सुट्टी आहे. तासांचा आकडा तेवढा गायब आहे. पुढच्याच वर्षी आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने आठवड्याला कमाल 74 तासांची शिफारस केली. जुन्या 48 च्या दीडपटीहून जास्त असलेली ही मर्यादासुद्धा अनेक निवासी डॉक्टरांना दिलासा वाटली, यातच काय ते आलं.

मार्ड या महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेची लढाई बहुधा रकमेवर सुटते. फेब्रुवारी 2024 मध्ये मार्डने संप केला, राज्य मंत्रिमंडळाने विद्यावेतन महिन्याला 10,000 रुपयांनी वाढवलं आणि संप मिटला. ही वाढ हक्काचीच होती. खासगी महाविद्यालयांत तर मूळ रकमेचीच बोंब आहे. 2023 मध्ये वैद्यकीय आयोगाने केलेल्या पाहणीत तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांनी विद्यावेतन मुळीच मिळत नसल्याचं सांगितलं, आणि काहींनी बँकेत जमा झालेली रक्कम कॉलेजला परत करावी लागते असंही कळवलं. तरीही सरकारी रुग्णालयापुरतं बोलायचं तर पैसे वाढवणं हा सोपा मार्ग आहे. एकदा आदेश काढला की ड्युटीच्या तक्त्याला हात लावावा लागत नाही, नवी पदं भरावी लागत नाहीत. निवासी डॉक्टर 12 तास उभा राहिला काय किंवा 30 तास, रुग्णालयाला खर्च तेवढाच. जादा तास फुकट मिळतात, म्हणून ते कुणी मोजत नाही.

भूलशास्त्रात हे सगळ्यात आधी उघडं पडतं, कारण टेबल तितकी माणसं हा तिथला हिशेब आहे. रात्री तातडीचं सिझेरियन आणि अपघाताची केस एकदम आली की दुसरा माणूस लागतोच. तो झोपेतून उठून आला असेल किंवा झोपलाच नसेल, पण ओटीत उभा असतो.

अशा थकव्याचे परिणाम कुठे दिसतात, हे ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी तपासलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दोन हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थींनी उत्तरं दिली. त्यांपैकी 57 टक्क्यांना रात्रपाळी करून घरी परतताना अपघात झाला होता किंवा तो थोडक्यात टळला होता. त्यातून थकव्याविरोधात मोहीम उभी राहिली. रात्रपाळीनंतर गाडी चालवण्याच्या स्थितीत नसलेल्या डॉक्टरला रुग्णालयातच झोपायला जागा द्या, अशी मागणी पुढे आली. ही सवलत पगाराच्या पावतीवर कुठेच दिसत नाही, पण तिची किंमत मोठी आहे.

यावर ज्येष्ठांचा आक्षेप ठरलेला असतो: केस केल्याशिवाय हात बसत नाही, तास कापले तर कच्चे भूलतज्ज्ञ तयार होतील. त्यात तथ्य आहे. अवघड श्वासमार्ग असलेल्या रुग्णाला ट्यूब टाकायला पुस्तक वाचून येत नाही. पण शिकण्यासाठी जागेपणही लागतं, आणि सलग 24 तासांनंतरच्या केसमध्ये शिकणं किती आणि रेटणं किती, हे ज्येष्ठांनाही ठाऊक आहे. अमेरिकेत 2003 पासून आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा आहे. ती कमी नव्हे, पण तिच्यामुळे तिथले भूलतज्ज्ञ कच्चे निघाले, असं कुणी म्हणत नाही.

तास मोजायचे कसे, ही सबब भूलशास्त्रात तरी चालणार नाही. भूल दिलेल्या प्रत्येक रुग्णाचा तक्ता असतो. त्यावर नाडी आणि रक्तदाब साधारण दर पाच मिनिटांनी लिहिलेला असतो, सुरुवात आणि शेवटाची वेळ असते, डॉक्टरचं नाव असतं. महिन्याचे तक्ते एकत्र केले की कोण किती तास उभा होता, हे बरंचसं कळतं. मार्डच्या पुढच्या बैठकीत रकमेबरोबर हे तक्ते टेबलावर यायला हवेत. ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या प्रत्येक तासासाठी रुग्णालयाने वेगळा भत्ता द्यावा किंवा दुसऱ्या दिवशी रजा. भत्त्याचा बोजा नव्या पदांच्या खर्चाच्या वर गेला की पदं भरण्याची फाइल वित्त विभागात पुढे सरकायला डॉक्टरांना संप करावा लागणार नाही.