अशिलाचा बस्ता

वकिलीतील नीतीचा विषय निघाला, की सुशिक्षितांच्या बैठकीत एक प्रश्न हटकून पुढे येतो: आरोपी अपराधी आहे हे ठाऊक असताना वकिलाने त्याचा बचाव करावा काय? प्रश्न भारदस्त आहे, त्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद रंगविता येतो आणि त्यात कोणाच्या पदरचे काही जात नाही, म्हणूनच तो एवढा लोकप्रिय असावा. वस्तुतः आरोपीच्या अपराधाविषयी वकिलाचे स्वतःचे मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे, असे सांगून बार कौन्सिलच्या नियमांनी तो केव्हाच निकालात काढलेला आहे. मला मात्र, जिल्ह्याच्या न्यायालयात तीन तपे काळा कोट झिजविल्यावर, असे वाटू लागले आहे, की या व्यवसायाची कसोटी पाहावयाची तर ती वकिलाच्या लोखंडी कपाटात, लाल फितीने आवळलेल्या आणि कसरीने कडा खाल्लेल्या बस्त्यांपाशी पाहावी.

त्या बस्त्यात सातबाऱ्याचे उतारे असतात, फेरफाराची नक्कल असते, आजोबांच्या नावचे खरेदीखत असते, शेतसाऱ्याच्या पावत्या एका दोऱ्यात ओवलेल्या असतात, आणि कधी मयत भावाने धाडलेले एखादे पोस्टकार्डही असते, ज्यातल्या एका ओळीवर सगळा दावा उभा राहावयाचा असतो. हे सारे वकिलाच्या स्वाधीन करताना त्याची पोच मागावी, हे अशिलाच्या मनातही येत नाही, कारण पोच मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे त्याला वाटते. आणि खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळ वकिलांनाही तसेच वाटते. ‘अशील’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ मूळ धनी, ज्याचे काम तो. वकील हा त्याने नेमलेला प्रतिनिधी. शब्दांनी हा संबंध नीट जपून ठेवला आहे. आम्ही तो जपला, असे छातीला हात लावून सांगवत नाही.

अशिलाचे मन विटले आणि त्याला वकील बदलावासा वाटला, म्हणजे खरी अडचण सुरू होते. एका वकिलाचे वकीलपत्र दाखल असताना त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याने त्या कामात उभे राहू नये, असा नियम आहे. संमती मिळत नसेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागावी लागते. व्यवसायातील सभ्यता राखण्यासाठी घातलेला हा नियम, परंतु तालुक्याच्या गावी त्याचा उपयोग दाराच्या कडीसारखा होतो: आधी राहिलेली फी, मग ‘ना हरकत’, आणि मग बस्ता.

या कडीवर सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हात घातला. भोपाळ येथील एका सहकारी बँकेने आपल्या वकिलाचे काम 1993 साली काढून घेतले आणि कागदपत्रे परत मागितली. वकिलांनी 97,100 रुपये येणे दाखवून, ते चुकते झाल्याखेरीज एकही फाइल देणार नाही, असे कळविले. तक्रार राज्याच्या बार कौन्सिलपुढे गेली, तेथे वर्षाच्या मुदतीत तिचा निकाल लागला नाही म्हणून कायद्याप्रमाणे ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग झाली, आणि तेथे अठरा महिने सनद तहकूब व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. वकिलांचा आधार होता 1872 च्या करार कायद्याचे कलम 171, ज्यात बँका, अडते, उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी वगैरेंना येणे रकमेपोटी हवाली झालेला माल अडकवून ठेवण्याची मुभा आहे. न्यायालयाने म्हटले, की दाव्याचे कागद हा माल नव्हे. तो विकला जात नाही. इंग्लंडातील सॉलिसिटरांना असा हक्क असेल, पण जेथे पक्षकार बहुतांशी निरक्षर, तेथे तो दिला तर पिळवणुकीला वाव मिळेल. फी खरोखर येणे असेल तर ती वसूल करण्यास वकिलाला इतर मार्ग मोकळे आहेत. फाइल परत न देणे हे गैरवर्तनच ठरले, परंतु तोवर हा मुद्दा अनिर्णीत होता आणि वकिलांनी आपला हक्क आहे असे प्रामाणिकपणे मानले होते, म्हणून शिक्षा ताकिदीवर आणली. अनेकांना ती फार सौम्य वाटली. मला वाटली नाही, कारण त्या निकालाच्या पाच-सहा वर्षे आधी माझ्याही कपाटात असाच एक बस्ता होता.

भावकीतला वाटपाचा दावा; बाई विधवा; माझे अठराशे रुपये राहिलेले. तिच्या भाच्याने दुसरा वकील पाहिला होता, आणि तो राग, फी बुडते या रागापेक्षा, मला अधिक होता, हे आज कबूल करतो. ती खुर्चीवर बसली नाही. दारालगत भिंतीला टेकून तिने पदराची गाठ सोडली, नोटा दोनदा मोजल्या आणि टेबलाच्या कडेला ठेवल्या. तीनशे होत्या. “आधी कागद द्या सायेब, राहिलेलं सुगीवर आणून टाकते.” मी म्हणालो, मग बस्ताही सुगीवरच न्या. नोटा तिने पुन्हा गाठीत बांधल्या.

मूळ खरेदीखत हजर नाही म्हणून पहिल्या तारखेला काम तहकूब झाले. दुसऱ्या तारखेला शंभर रुपये खर्च देण्याच्या अटीवर तहकुबी मिळाली. तो खर्च तिने भरला. मी त्या वेळी त्याच कोर्टात मागच्या बाकावर माझ्या कामाची वाट पाहत बसलो होतो.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी मी परगावी गेलो असता माझ्या कारकुनाने, ज्यांनी माझ्या आधी माझ्या सीनियरांकडे वीस वर्षे काढली होती, कपाट उघडले, एकेका कागदाची यादी केली, बाईचा अंगठा घेतला आणि बस्ता तिच्या हवाली करून ‘ना हरकत’ माझ्या सहीसाठी टेबलावर ठेवली. मी परत आलो तेव्हा ते दौतीच्या बाटलीचे बूच पुसत होते. “सही करायची राहिलीय, साहेब,” एवढेच म्हणाले. मी सही केली.

सुगी झाल्यावर बाई आली, आणि अठराशे रुपये तिने माझ्याकडे न देता त्यांच्याकडे दिले.